दहा मिलिमीटरच्या लेन्समधला हॉल

लेन्सचं खोकं सोमवारी सकाळी आलं, आणि पसंत नसेल तर परत करायची मुदत रविवारपर्यंत होती. नातीने ते तीन मजले वर आणलं, कात्रीऐवजी दातांनी चिकटपट्टी तोडली आणि आतली वस्तू माझ्या तळहातावर ठेवली.

"आजी, वजन बघ."

आकार लिंबाच्या लोणच्याच्या छोट्या बरणीएवढा आणि वजन खलबत्त्यातल्या बत्त्याचं. सगळं धातूचं. पुढची काच फुगलेली, मासा डोळे वटारतो तशी. नातीने सांगितलं की ही दहा मिलिमीटरची आहे, हिला झूम नाही, फोकससुद्धा आपणच हाताने फिरवून करायचा. म्हणूनच स्वस्त. मोठ्या कंपनीची घ्यायची तर तिला आणखी वर्षभर डोहाळेजेवणांचे फोटो काढत बसावं लागलं असतं.

मला वाटलं, लेन्स म्हणजे दुर्बिणीसारखं लांबचं जवळ आणणारं काहीतरी. ही उलटी निघाली. ही जवळचं लांब ढकलते आणि आजूबाजूचं सगळं आत ओढून घेते.

लेन्स तिने घेतली, पण गरज माझी होती. माझ्या उजव्या गुडघ्याने जिने चढायला नकार दिलाय. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि मी तिसऱ्यावर. भाजी आणायला खाली उतरले की वर येताना प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात बसावं लागतं. लोकांना वाटतं, म्हातारी गप्पा मारायला आली. मी मारतेही. पण हे किती दिवस? शिरगावात लिफ्टवालं एक घर मी बघून ठेवलं होतं. तिथले मालक भले, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. तोपर्यंत माझं हे घर विकलं गेलं तर ते मला मिळणार, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी.

आणि हे घर बघायला सहा महिन्यांत एक माणूस वर आला नव्हता. एजंटने मोबाइलवर काढलेले फोटो वेबसाइटवर टाकले होते. एकात अर्धा फ्रिज, एकात खिडकीचा कोपरा आणि पडदा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये मोबाइल घेऊन कुठेही उभं राहा, अर्धी खोली पाठीमागे राहतेच. फोटो बघून कुणाला वाटावं, हे विकायला काढलेलं घर आहे की फ्रिज?

नातीकडे कॅमेरा होता. मिररलेस म्हणतात तसला, आत आरसा नसलेला, छोटा, दुसऱ्या कुणाचा वापरलेला तिने घेतला होता. त्याच्यावरची लेन्स माणसांच्या तोंडांसाठी छान. हळदीच्या समारंभात नवरीच्या गालावरची हळद मोजता येते. पण घर तिच्यात मावत नव्हतं. म्हणून ही दहा मिलिमीटरची.

तिने ती कॅमेऱ्याला लावली आणि बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. पडद्यावर अक्षरं आली की लेन्स लावलेलीच नाही. तिने काढून पुसली, परत लावली. पुन्हा तेच. पोरीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, पीस डिफेक्टिव्ह आला. मग बराच वेळ मोबाइलवर वाचत बसली आणि एकदम हसायला लागली. या लेन्समध्ये विजेची काहीच जोडणी नसते, त्यामुळे कॅमेऱ्याला ती आलीय हे कळतच नाही. आपण सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगायचं की बाबा, लेन्स नसली तरी फोटो काढ.

मी म्हटलं, "म्हणजे नवीन सून घरात आलीय, सगळं काम करतेय, आणि सासू म्हणतेय मला कुणी दिसतच नाही."

"आजी, तुझी सासू अशी होती?"

मी म्हटलं, माझी सासू गरीब गाय होती. मी कशी आहे ते मात्र माझ्या सुनेला विचारू नकोस.

आता लेन्स चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं? नात म्हणाली, लोक विटांच्या भिंतीचा फोटो काढतात. रेषा सरळ येतात की वाकतात ते बघतात, कोपऱ्यातल्या विटा स्पष्ट आहेत का बघतात. आमच्या बिल्डिंगला एकही वीट दिसत नाही, सगळीकडे गिलावा. ती गुगलवर कागदी तक्ते शोधायला लागली, प्रिंट कुठे मिळेल वगैरे.

मी कपाटातून माझा ठिपक्यांचा कागद काढला. रांगोळीचा. जाड कागदावर पट्टीने खुणा करून उदबत्तीने भोकं पाडलेला, कडा तपकिरी झालेल्या. सरळ ओळीत एकवीस बाय एकवीस. हा कागद माझ्या हातचा आहे आणि त्यातला एकही ठिपका वाकडा नाही, याबद्दल मला या वयातही गर्व आहे. सोफा भिंतीला सरकवला, हॉलच्या मधोमध कागद चार वेळा पसरून चाळणीने रांगोळी फिरवली. जमिनीवर बेचाळीस बाय बेचाळीस ठिपके उठले. मला खाली बसवत नाही म्हणून ठिपके नातीने उठवले आणि मी खुर्चीतून सूचना दिल्या. आडव्या उभ्या रेषा तिने ओढल्या त्या मात्र मी तिला दोनदा पुसायला लावल्या. कॉलेजात शिकवत नाहीत हे.

मग ती स्टुलावर चढली, कॅमेरा आडवा धरून खाली बघत. मी स्टूल धरलं. पहिला फोटो काढून तिने दाखवला. त्यात रांगोळी होती, शिवाय स्टुलाचे दोन पाय होते, तिच्या पायांची दहा बोटं होती, आणि एका कडेला माझं डोकं, दुधी भोपळ्यासारखं लांबट. मी तर फोटोत आहे हे मला माहीतही नव्हतं. या लेन्सपासून लपणं कठीण.

शेवटी हात लांब करून, पोट आत घेऊन तिने नीट फोटो काढला. मग आम्ही दोघी मोठ्या पडद्यावर तो बघत बसलो. मला त्यातलं काय कळणार असं तिला वाटलं असेल, पण ठिपके वाचायला मला शिकवायला नको. मधले ठिपके मोहरीसारखे टचटचीत. कोपऱ्यातले मात्र ओल्या फरशीवर रांगोळी पडल्यासारखे पसरलेले, आणि चारही कोपरे मळकट, काळसर. कडेच्या रेषा बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेल्या, पुरी फुगायला लागावी तेवढ्या. ती म्हणाली, हे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं तेव्हाचं. मग तिने लेन्सवरची कडी फिरवून आठच्या आकड्यावर आणली, म्हणजे तोंड बारीक केलं, आणि परत स्टुलावर चढली. आता कोपरे उजळले, ठिपके आवळले. फुगवटा तेवढाच राहिला. तो कंप्युटरवर सरळ करता येतो म्हणाली.

फोकसच्या कडीवर अंतराचे आकडे कोरलेले होते, ते खोटे निघाले. पाच फुटांचा आकडा लावला तर चार फुटांवरचं स्पष्ट दिसायचं. तिने वहीत लिहून ठेवलं. खिडकीकडे तोंड केलं की एक हिरवा ठिपका फोटोत तरंगायचा. तेही लिहिलं. पण एकूण तिचं मत चांगलं झालं. एवढ्या किमतीत एवढं म्हणजे मस्त आहे, ती म्हणाली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण रांगोळी कशाची म्हणून बघायला वर आली. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि ते दर भेटीत मला सांगते. नात म्हणाली, चला, माणसं कशी येतात बघू, दोघी उभ्या राहा. एव्हाना मला कळलं होतं की ही लेन्स कडेच्या वस्तू ताणते. मी शेजारणीला प्रेमाने म्हटलं, तू अशी इकडे कडेला राहा, उजेड चांगला आहे, आणि स्वतः मधोमध बसले. फोटोत मी शेवग्याची शेंग आणि ती कोहळा. तिने बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि लेन्स परत करून टाका असा सल्ला देऊन खाली गेली. नात मला रागावली. रागावताना तिला हसू आवरत नव्हतं.

मंगळवारी रांगोळी झाडली आणि घराचे फोटो काढले. नातीने एका कोपऱ्यात, अगदी भिंतीला पाठ टेकून, हात उंच करून कॅमेरा धरला. फोटो बघून मी चष्मा काढून पुसला. हॉल माझाच होता, पण समोरची भिंत दूर, लांब गेलेली. सोफ्यापासून गॅलरीपर्यंत मुलं क्रिकेट खेळतील एवढी जागा. मध्ये जमीनच जमीन. स्वयंपाकघराचा ओटा रेल्वेच्या प्लॅटफॉर्मसारखा धावत गेलेला. इतकी वर्षं मी या घरात राहतेय आणि मला कुणी सांगितलं नाही की मी एवढी श्रीमंत आहे.

एजंट खूश झाला. संध्याकाळपर्यंत फोटो वेबसाइटवर आणि वर त्याचा शब्द, "प्रशस्त". बुधवारी सकाळपासून फोन वाजायला लागला. सहा महिने मुका असलेला फोन. अंबरनाथहून माझा मुलगाही बोलला, म्हणाला, "आई, आता बघ पंधरा दिवसांत जातंय घर."

बुधवारी दुपारी एक जोडपं आलं, उल्हासनगर कॅम्प पाचहून. नवरा बोलका, सिंधी दुकानदाराकडे हिशेबनीस, अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत. बायको गप्प. ती घरी जीन्स शिवायचं काम करते, तीन मशीन आहेत, दोन बायका तिच्याकडे येतात, हे नवऱ्यानेच सांगितलं. दारात चपला काढल्या, आत एक पाऊल टाकलं आणि ती बाई थांबली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग गॅलरीकडे. चेहरा पडला आणि हातातली वही तिने हळूच पर्समध्ये सरकवली. त्या वहीत तिने पेनाने हॉल काढला होता आणि खिडकीखाली तीन चौकोन. मला दिसलं.

नवरा पाणी कधी येतं, मेंटेनन्स किती विचारत राहिला. मी चहा केला. निघताना ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू बोलली, तक्रार केल्यासारखंसुद्धा नाही.

"मावशी, फोटोत इथून तिथपर्यंत खूप होतं हो."

मी म्हटलं, फोटो आहे तो. ती मान हलवून जिना उतरली. तिच्या चपलांचा आवाज मी खालपर्यंत ऐकत राहिले, कारण तो आवाज मला ओळखीचा होता. बेचाळीस वर्षांपूर्वी याच जिन्यावर, याच दारातून, एक अठ्ठावीस वर्षांची शहाणी अशीच आत आली होती. तिचा चेहराही असाच झाला होता. फरक एवढाच की तिला कुणी फसवलं नव्हतं. तिने स्वतःलाच फसवलं होतं, कुणाचीही मदत न घेता.

त्या शहाणीबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा आम्ही उल्हासनगरात कॅम्प पाचमध्ये एका सिंधी कुटुंबाच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. हे अंबरनाथला कारखान्यात सुपरवायझर. त्या खोलीत फरशा होत्या फूट बाय फूटच्या. ती शहाणी गणितात हुशार, निदान तिचं तसं म्हणणं. कॉट कुठे बसेल, कपाट कुठे, हे ती फरशा मोजून सांगायची आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळे तिची पक्की समजूत झाली की जगातली प्रत्येक लादी एक फुटाची असते. टेप कशाला लागतो? टेप ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी.

मग बदलापूरला ही बिल्डिंग उठायला लागली. बिल्डरने पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट पूर्ण करून दाखवायला ठेवला होता. मोझॅकच्या लाद्या, घासून चकचकीत केलेल्या. हे सिमेंट, पाणी, कागदपत्रं यांबद्दल विचारत होते, आणि ही बाई हॉलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली मान घालून चालत होती. अठरा लाद्या लांब, पंधरा लाद्या रुंद. तिने बाहेर येऊन ह्यांच्या कानात सांगितलं, अठरा बाय पंधराचा हॉल आहे, बिल्डरला बहुतेक माहीतच नाही, गुपचूप सही करून टाका. तिला वाटलं तिने बिल्डरला गंडवलं. हे म्हणाले, कागदावर तर दहा बाय बारा लिहिलंय. ती म्हणाली, कागदावर कमीच लिहितात.

लाद्या आठ इंची होत्या.

हे तिला कळलं ताबा मिळाल्यावर, आणि तेही डायनिंग टेबलाने शिकवलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाऊन तिने आठ माणसांचं टेबल घेतलं होतं, सागवानी, आठ फुटी. दुकानदारांनी, त्यांना सगळे साई म्हणत, तीनदा विचारलं, "भाभी, कमरा नापा है ना?" आणि ती ताठ मानेने म्हणाली, "गिनके आई हूँ, भाईसाब." चार हमालांनी ते टेबल तीन जिने चढवलं. हॉलमध्ये ठेवलं तर दार उघडेना. फिरवलं तर गॅलरीत जाता येईना. सोफा अजून खालीच होता. हमाल घाम पुसत उभे, हे खिडकीबाहेर बघत उभे, आणि ही बाई जमिनीवर बसून वितीने लादी मोजतेय. आठवड्याभराने साईंचा सुतार करवत घेऊन आला आणि टेबल मधोमध कापून दिलं. अर्ध्यावर आम्ही जेवायला लागलो. दुसऱ्या अर्ध्याला पाय लावून इस्त्रीचं टेबल झालं. साईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण पुढे कधीही दुकानात गेलं की आधी जमिनीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

ह्यांनी मला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. त्याचं मला जास्त लागायचं.

बुधवारी संध्याकाळी मी नातीला सांगितलं, ते फोटो काढून टाक. ती बावचळली. तिने मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मुलाचं म्हणणं सरळ होतं. सगळेच असे फोटो टाकतात, फोटोत मोठं दिसलं तर निदान माणूस वर तरी येतो, आला तर घर बघतो, दहांतला एक घेतो. दिवाळी जवळ आलीय. तुझ्या गुडघ्याचा विचार कर.

मी म्हटलं, गुडघ्याचाच करतेय. ती बाई तीन मजले चढून आली आणि तीन मजले उतरून गेली, तिला फक्त चपला काढून घालायला मिळाल्या. असे दहा जण चढवायचे, त्यातल्या नऊ जणांना दारात तसं थांबताना मी बघायचं, चहा करायचा. मला नाही जमणार. मुलगा म्हणाला, मग जुनेच फोटो ठेव, अर्ध्या फ्रिजचे. मी म्हटलं, तेही खोटेच. त्यात घर दिसतच नाही.

फोन ठेवल्यावर नात बराच वेळ लेन्सचं झाकण लावत काढत बसली. मग म्हणाली, "आजी, मग लेन्स परत करू का? हिचं कामच मोठं दाखवायचं आहे."

मला ते पटलं नाही. खोली आख्खी आत घेणारी वस्तू एकच होती, ती ही. मी तिला विचारलं, कोपऱ्यात जाऊन, हात उंच करून का काढलास? ती म्हणाली, सगळे तसंच काढतात, यूट्यूबवर तसंच सांगतात. म्हणजे तीही लाद्या मोजत होती.

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही त्यात घालवले. ती जागा बदलत होती, मी खुर्चीत बसून नाक मुरडत होते. कोपरा सोडला आणि दारात उभं राहून सरळ समोर बघितलं की भिंत जागेवर यायला लागली. कॅमेरा बेंबीच्या उंचीवर आणला, नाकासमोर सरळ, खालीवर न झुकवता, की जमिनीचा पसारा आवरला. कडेचा ताणलेला भाग तिने कापून टाकला, तरी दोन्ही भिंती फोटोत राहिल्याच. मोबाइलने हे कधीच झालं नसतं. मग मी म्हटलं, यात असं काहीतरी ठेव ज्याचं माप सगळ्यांना पाठ आहे. स्वयंपाकघरात तिने गॅसचा सिलिंडर ओट्याखालून पुढे ओढला. सिलिंडर कुणाच्याही घरात तेवढाच असतो, त्याच्यावरून बायकांना ओट्याची लांबी पटकन कळते. आधी तो कडेला आला आणि गाढवाएवढा फुगला, मग मधे आणला तेव्हा माणसात आला. हॉलमध्ये खिडकीखाली मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, पाय खाली टेकवून. आणि जमिनीवर, दारापासून गॅलरीपर्यंत, टेप पसरून ठेवला. पिवळा, आकडे वर.

त्या फोटोत हॉल दहा बाय बाराचाच दिसत होता. खिडकीतून येणारा उजेड पण दिसत होता, गॅलरीचं दार आणि त्याच्यापलीकडचं आंब्याचं झाड, स्वयंपाकघराच्या दारातून आरपार जाणारी हवेची वाट, हे सगळं एका चौकटीत. मी हे घर घेतलं होतं ते बहुतेक लाद्यांमुळे नव्हतं, याच्यामुळे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

एजंटने फोटो बघून फोन केला. म्हणाला, आजी, फोटोत म्हातारं माणूस बसलेलं बरं दिसत नाही, कस्टमरला वाटेल घराबरोबर मिळतं. मी म्हटलं, तसं लिहा पाहिजे तर. "प्रशस्त" मात्र काढायला लावलं.

फोन पुन्हा मुका झाला. शुक्रवारी संध्याकाळी एक, तोही दुसऱ्याच घराबद्दल. शनिवारी एकही नाही. मुलाने फोनवर फक्त जेवलीस का विचारलं. शनिवारी मी शिरगावच्या मालकांना फोन करून सांगणार होते की माझ्यासाठी अडून राहू नका. नंबर काढला आणि ठेवून दिला. म्हटलं, रविवार जाऊ दे.

नातीने ठरवलं की लेन्स परत करायची. घर जाईल तेव्हा जाईल, पण फ्लॅटचे फोटो काढून देण्याचं जे काम तिला यातून मिळेल असं वाटलं होतं, ते असल्या फोटोंवर कोण देणार? एजंटने तर तोंड वाकडंच केलं होतं. रविवारी सकाळी तिने लेन्स फोमच्या खाचेत बसवली, खोकं चिकटवलं. कुरियरवाला अकरानंतर येणार होता.

साडेदहाला बेल वाजली. दारात एक सासू आणि सून. बदलापूरजवळच्या खेड्यातली माणसं, शेती आहे, सून इथल्या शाळेत शिक्षिका आणि रोज येण्याजाण्यात तिचे दोन तास जातात. एजंट खाली गाडी लावत होता म्हणून दोघीच वर आल्या. सासू माझ्याच वयाची असेल. दम लागला नव्हता, याचा मला थोडा राग आला. सुनेने मोबाइल काढला आणि दारातच उभी राहून एकदा पडद्याकडे, एकदा आत, असं बघायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, तिच्या पायांकडे बघत राहिले. पाय थांबतात की पुढे येतात?

सासूने मोबाइल तिच्या हातातून घेतला, लांब धरून बघितला, मग आत आली. खिडकीपर्यंत चालत गेली. खुर्चीवर हात ठेवला, मी फोटोत बसलेय त्याच खुर्चीवर.

"फोटूत दिसतं तेवढंच हाय गं," ती सुनेला म्हणाली. आवाजात ना आनंद ना निराशा, बाजारात वांगी तोलून परत पिशवीत टाकावी तसा.

सून आत आली. टेप न लावताच तिने सांगितलं, कपाट इथे, मुलाचं टेबल तिथे, आणि गॅलरीत तुळस. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, बंद केला, ओट्याची लांबी हाताने बघितली आणि मान हलवली. फोटो बघून तिने हे आधीच घरी ठरवलं होतं, आता फक्त पडताळत होती. एजंट धापा टाकत वर आला आणि बिल्डिंगचं कौतुक सुरू करणार तोच सासूने त्याला हाताने थांबवलं. जिने चालतात, ती म्हणाली, आमच्याकडे डोंगर चढून जळण आणतो.

मी चहा ठेवायला उठले. गुडघा धरून, भिंतीला हात लावून, नेहमीसारखी. सासूने ते बघितलं आणि मला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं.

"तुम्ही बसा. च्या ती करंल. साखर कुठंय तेवढं सांगा."

सुनेने पदर खोचलाही होता. मी डबा कुठे आहे ते सांगितलं आणि बसून राहिले. स्वयंपाकघरातून भांडं ठेवल्याचा, लायटरचा आवाज आला, आणि त्या मागोमाग नातीचा, गॅलरीतून मोबाइलवर कुरियरवाल्याशी बोलतानाचा.

"नहीं भैया, ऊपर मत आओ, तीन मंज़िल है. पिकअप कैंसल. हाँ, रखना है मुझे."